न बघता म्हैस घेणारा साहेब

"खपली चंद्री!" मोबाईल नाचवतच नानामामा गोठ्यात शिरले. "सकाळी फोटो टाकला अन् दुपारी गिऱ्हाईक हजर. बाजारात नेली असती तर दिवसभर उन्हात उभं रहावं लागलं असतं."

सायली आणि तिची मैत्रीण नौशीन सुट्टीत मुकुंदवाडीहून करमाडला आल्या होत्या. सायलीचा मामेभाऊ सुदर्शन पाणी ओतत होता आणि दोघी चंद्रीला, म्हणजे मामांच्या म्हशीला, घासत होत्या. द्वारकामामींची कंबर आता धार काढायला बसूच देत नव्हती. म्हणून चंद्रीला विकून घरी पिठाची गिरणी टाकायचं ठरलं होतं. मामींनी वर्षानुवर्षं दूध घालून साठवलेले पैसे मामांच्या खात्यात होते. त्यात चंद्रीचे पडले की गिरणी दारात आलीच म्हणायची.

"नाना, बघायला कधी येणार ते?" सुदर्शननं विचारलं.

"येतच नाय. पुण्याला मोठा साहेब हाय, त्याला कुठली आलीय सवड? माझ्या शब्दावर भरवसा ठेवला गड्यानं. भाव सांगितला तसा कबूल."

मामा खुशीत होते, पण सायलीच्या डोक्यात काहीतरी खटकलं. दिवाळीत ती मामांबरोबर गुरांच्या बाजारात गेली होती. तिथं साधं रेडकू घेणारा माणूससुद्धा आधी जबडा उघडून दात बघायचा आणि मग तासभर घासाघीस करायचा.

"मामा, दूध किती देते, कितवं वेत आहे, काही विचारलं का त्यानं?"

"नाय बा."

"आमचे अब्बा बकरी घ्यायची तरी चारदा जाऊन बघतात," नौशीन म्हणाली. "आणि हा म्हैस न बघता घेतोय?"

मामाही आता चंद्रीच्या अंगावर पाणी मारायला लागले होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. हात ओले म्हणून मामांनी स्पीकर लावला.

"नानासाहेब, इसार पाठवतोय," पलीकडून गोड आवाज आला. "तुम्हाला एक कोड पाठवलाय. तो उघडा, पिन टाका, पैसे जमा होतील. जरा लवकर करा हं."

इसार म्हणजे सौदा पक्का. तो घेतला की मामा मागं फिरणार नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी धोतराला हात पुसले आणि कोड उघडला. मामींची सगळी पुंजी त्या पिनमागं होती!

"मामा, थांबा," ती मोबाईलच्या माईकवर बोट दाबून हळूच म्हणाली. "पिन पैसे देताना लागतो. घेताना कशाला हवा?"

"गप गं. एवढा मोठा माणूस खोटं बोलंल व्हय? अन् मी शब्द दिलाय."

"मग मला एकच प्रश्न विचारू द्या. तो खरा निघाला तर मी कान धरून माफी मागेन."

मामांनी तोंड वाकडं केलं, पण मोबाईल पुढं धरला.

"काका," सायली अगदी भाबडेपणानं म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. आमच्या चंद्रीचा वरच्या जबड्यातला पुढचा एक दात पडलाय. बाकीचे सात शाबूत आहेत. चालेल ना?"

"चालेल की, बेटा! एका दातानं काय बिघडतंय? आमच्या घरच्या म्हशीचे तर वरचे दोन पडलेत."

सुदर्शनच्या हातून बादली निसटली. नौशीननं तोंडावर ओढणी दाबली. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, फक्त खाली असतात! गुरांत वाढलेलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

मामांचं पिनकडे निघालेलं बोट जागच्या जागी थांबलं.

"साहेब," ते सावकाश म्हणाले, "तुमची ती वरच्या दाताची म्हैस एकदा बघायला यायचं म्हणतो. पत्ता द्या की."

फोन खाडकन बंद झाला.

"नंबर पुसू नका, मामा!" नौशीन म्हणाली. तिनं लगेच मामांना सायबर मदतीचा १९३० लावून दिला आणि मामांनी सगळी हकिकत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

द्वारकामामी ओसरीवर उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या खाली आल्या आणि सायलीच्या, मग नौशीनच्या, मग सुदर्शनच्या गालावरून त्यांनी हात फिरवला.

"लेकरांनो, तुमी माझी गिरणी वाचवली," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"लई हुशार पोरं हायेत," मामा ओशाळून म्हणाले. "माझंच चुकलं. चंद्रीला आता बाजारातच नेतो."

"न्या. पण त्याआधी उद्या बँकेत जायचं," मामी म्हणाल्या. "दुधाचे पैसे माझ्या खात्यात टाकायचे. खातं माझ्या नावावर अन् पिन फक्त मला ठावं."

"मलाबी सांगायचा नाय?"

"तुमालाबी नाय."

मामांनी पोरांकडे पाहिलं. पोरं चंद्रीला पुन्हा जोरजोरात घासायला लागली होती.

"बरं," मामा म्हणाले.