हिरव्यांच्या घरातलं निळं पिल्लू

"यांच्या भाच्यानं गुन्हा कबूल केलाय," मामी डोळे पुसत म्हणाल्या, "पण त्यानं तो केलेलाच नाही!"

गुप्तहेर वहिनी सावरून बसल्या. त्यांचे दीर, म्हणजे भावोजी, बिस्किट चघळत म्हणाले, "कबूल केलंय ना? मग खेळ खलास!"

"तुम्ही बिस्किटच खा," वहिनी म्हणाल्या.

मामींनी सांगितलं. मामा बजरी पोपट पाळतात. त्यांच्या हिरव्या जोडीच्या घरट्यात निळं पिल्लू निघालं. कुणीतरी अंडं बदललं म्हणून मामांचा आधी मामींवर संशय, कारण पक्ष्यांच्या खोलीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. घरात अबोला. मग भाचा म्हणाला, 'माझ्या निळ्या जोडीचं अंडं मीच ठेवलं.' मामांनी त्याला हाकलून दिलं. आईबापाविना पोर, या दोघांनीच वाढवलेलं.

पक्ष्यांच्या खोलीत मामा ताठ उभे होते. "ही जोडी सख्खी भावंडं. आई निळी होती, पण पिल्लं झाडून सगळी हिरवी! निळा रंग तेव्हाच धुऊन गेला."

"यांना घरटं कधी दिलंत?" वहिनींनी विचारलं.

"कपाळावरच्या काळ्या रेघा गेल्यावर. त्याआधी पोपट अंडी घालत नाहीत."

"भाच्याची जोडी पाहिलीत?"

"निळ्यांकडे मी ढुंकूनही बघत नाही."

भाचा मित्राच्या खोलीवर राहत होता. शेजारी पिंजरा. दोन्ही निळ्या पोपटांच्या कपाळावर थेट चोचीपर्यंत काळ्या रेघा. भावोजींना त्या फार गोड वाटल्या. वहिनींनी मामा-मामींना तिथंच बोलावून घेतलं.

"मामा, या रेघा बघा. ही तर अजून पोरंटोरं. यांनी अंडं घातलं कधी?"

मामा वाकून बघतच राहिले.

"मग निळं पिल्लू आभाळातून पडलं?" भावोजींनी विचारलं.

"हिरव्या आईबापांचंच आहे ते. पिल्लाला रंगाचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. हिरवा वाटा दांडगा. तो एक जरी असला तरी पिल्लू हिरवंच. निळा मुकाट बसतो, पण जात नाही. या जोडीच्या निळ्या आईकडे द्यायला निळ्याशिवाय होतं काय? म्हणजे या दोन्ही भावंडांच्या अंगात निळा लपलेला. ते दोन निळे एका अंड्यात भेटले. चोरी नाही, चोर नाही!"

"अरे, मग खोटं का बोललास?" मामांनी विचारलं.

भाच्यानं मान खाली घातली. "तुम्ही मामीशी बोलत नव्हता. ती जेवतच नव्हती."

मामांनी त्याला पोटाशी धरलं आणि हमसून रडू लागले. "चल रे घरी."

"आधी माझी माफी मागा," मामी म्हणाल्या.

"मागतो गं. जरा रडू तर दे!"