बांधावरचं ताट

लातूरच्या दवाखान्यातून सुटल्यावर मी किल्लारीजवळ अप्पांच्या, माझ्या वडलांच्या, घरी विश्रांतीला आलो. अल्सरेटिव्ह कोलायटिसनं नासलेलं माझं मोठं आतडं काढून टाकलं होतं. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणलेलं, त्यावर मळ गोळा करायला चिकटवलेली पिशवी. वजन भरलं तरच पुढचं ऑपरेशन, तरच पिशवी सुटणार. मी फिजिक्स शिकवतो. खाल्लेलं अन्न हवेत विरत नाही, एवढं मला कळतं.

काढलेलं आतडं अप्पांनी डॉक्टरांकडून मागून घेतलं होतं. "पोराच्या अंगाचं हाय. कचऱ्यात टाकू का?" आम्ही लिंगायत. माणूस जाळत नाही, बसवून पुरतो. त्याच मायेनं, भस्म लावून, बेलपान ठेवून त्यांनी ते शेताच्या बांधाला पुरलं. ऐकून मला हसू आलं आणि टाके दुखले.

मग पिशवी रिकामी राहू लागली. दहीभात, केळं, मऊ खिचडी, सगळं पोटभर खायचो. ना कळ, ना उलटी. तपासणीत कुठं काही अडकलेलं नाही. बनियन मात्र खांद्यावरून घसरायला लागलं.

"खरं सांगा, जेवता का मोत्याला घालता?" मंजुश्रीनं, माझ्या बायकोनं, विचारलं.

"तूच तर वाढतीस."

"वाढते मी. पुढचं काय ठाऊक मला?"

मोत्या आमचा कुत्रा. मी त्याच्यावर पाळत ठेवली, मंजुश्रीनं माझ्यावर. अव्वा, माझी आई, रोज दुपारी झाकलेलं ताट घेऊन शेताकडं जायची.

"अप्पाला नेते," म्हणायची. अप्पा तर माझ्याच शेजारी बसून जेवत.

एका दुपारी मी तिच्या मागं निघालो. तुरीतून मोत्या आडवा आला आणि माझ्यावर गुरगुरला.

बांधावर अव्वा बसली होती. समोर मातीचा उंचवटा. पुरलं तेव्हा ओंजळभर होता म्हणे. आता मांडी घालून बसलेल्या माणसाएवढा. माती तेल लावल्यासारखी तुकतुकीत.

अव्वा पदरानं वारा घालत गुणगुणत होती,

"घास दह्याचा कालविते, घे रं बाळा हळूहळू
अंगी लागू दे अन्न, नको उपाशी तळमळू"

ताटातला भात कमी होत होता. तिचा एक हात पदराला, दुसरा मांडीवर होता.

"अव्वा," मी म्हणालो.

तिनं डोईवर पदर ओढला. मला खालवर पाहिलं.

"पाहुणं, कुणाकडं आलाव? जरा थांबा. लेक जेवायलाय माझा."

आणि माझी नजर लागू नये म्हणून तिनं ताटाला पदराचा आडोसा केला.