विश्वासरावांचा घासलेला डबा

त्या काळात एकाच इमारतीतल्या दोन घरांत एकच मालिका सारखी दिसत नसे. ‘आमचे विश्वासराव’ संध्याकाळी साडेसातला सगळीकडेच लागायची; पण पहिल्या मजल्यावरचे विश्वासराव सुनेला घाबरायचे, चौथ्यावरचे गुडघे चोळत बसायचे, आणि शर्वरीच्या घरातल्या विश्वासरावांची नोकरी गेली होती.

हे विश्वासराव रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघत आणि बागेतल्या बाकावर ऑफिस थाटत. शेजारी बसणारे आजोबा उशिरा आले तर त्यांना हजेरीवरून बोलत. मुलाखतीला गेले की साहेबांच्या खुर्चीचं चाक डगमगतंय हे आधी सांगत, ते बसवून देत, आणि एक नोकरी तेवढी सोडून बाकी चहाबिहा सगळं घेऊन परत येत. बायकोला, म्हणजे सुमनला, खरं सांगायला तोंड उघडत, तेवढ्यात कुकरची शिट्टी होई. शर्वरीची पाच वर्षांची मुलगी जुई हसून लोळायची. तिचा नवरा मकरंदही हसायचा, आणि त्याला हसताना बघून शर्वरीलाही बरं वाटायचं.

एका भागात सुमनने परत आलेला डबा उघडला, तर तो लख्ख घासलेला. ऑफिसातून कुणाचा डबा घासून येतो?

“आमच्याकडे स्वच्छता सप्ताह आहे,” विश्वासराव म्हणाले.

शर्वरी हसतहसतच पाणी प्यायला उठली. ओट्यावर मकरंदचा डबा होता. झाकणाच्या खाचेत हळदीची जी पिवळी रेघ नेहमी असायची, ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी जुईला शाळेत सोडून ती खालच्या मजल्यावरच्या टिपणीसकाकूंकडे गेली. काकू निवृत्त होईपर्यंत याच मालिकांच्या प्रयोगशाळेत होत्या. शेंगा सोलता सोलता त्यांनी सगळं सांगितलं. घरातलं प्रत्येक यंत्र टीव्हीला काही ना काही कळवत असतं. दार किती वाजता लागलं, फोनवर काय शोधलं, भांडी किती पडली, कोण बोलताबोलता गप्प झालं. त्यातून घराची काळजी कुठे आहे ते टीव्हीला समजतं, आणि ती काळजी तो दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घालून, विनोद करून परत देतो.

“आम्ही त्याला हास्यांतर म्हणायचो. भाषांतर असतं ना, तसंच. काळजीचं हसण्यात.”

“मग विश्वासराव सुमनला कधी सांगणार, काकू?”

“तुमच्या घरात कुणी सांगेल तेव्हा. मालिका घराच्या पुढे जात नाही गं.” काकूंनी मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवले. “आणि ती सुमन कुणावरून केलीय, असं वाटतं तुला?”

शर्वरीने मकरंदला विचारायचं ठरवलं, आणि विचारलं नाही. विचारलं तर सकाळचा तो इस्त्रीचा शर्टसुद्धा त्याच्याकडे उरणार नाही, अशी तिला भीती होती. त्याने स्वतःहून सांगावं, एवढंच तिला हवं होतं. तोवर आपल्याला काही कळलंय हे त्याला कळू नये, म्हणून ती आलेला लख्ख डबा पुन्हा घासू लागली, बाहेर ऐकू जाईल असा आवाज करत.

चौथ्या दिवशी साडेसातला सुमन पडद्यावर आली. तिने चकचकीत डबा उघडला, वास घेतला, साबण लावला आणि अख्खी चाळ जागी होईल इतका खणखणाट करत तो घासायला घेतला. जुई टाळ्या पिटत होती. मकरंद हसला. मग हसता हसता थांबला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागला. तिथे शर्वरी ओले हात घेऊन उभी होती.

टीव्हीच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा मिणमिणत होता.

“माझी नोकरी गेलीय,” मकरंद म्हणाला. “दोन महिने झाले. मी बागेत बसतो.”

शर्वरीला म्हणायचं होतं, मला माहितीय. म्हणायचं होतं, उद्या डबा घरीच खा, आपण दोघं मिळून. पण त्याआधीच जुई हसून सोफ्यावर आडवी झाली.

“आई, बाबा अगदी विश्वासरावांसारखं बोलतो!” तिने मकरंदचा हात धरून हलवला. “बाबा, परत म्हण ना.”

मकरंदने शर्वरीकडे पाहिलं. तिने मान हलवली; हो की नको, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने शर्टाची कॉलर ताठ केली, घसा खाकरला आणि विश्वासरावांच्या आवाजात तेच वाक्य परत म्हटलं.

या वेळी शर्वरीलाही हसू आलं.