खाऱ्या विहिरींचं कोडं

"वरच्या दाराकडे पळ, श्रेयस! वर!" वल्लरी ओरडली.

"पाणी इथे खाली वाढतंय आणि मी वर कशाला जाऊ?"

"कारण ते तिथून येतंय, शहाण्या!"

मृणालआत्याच्या लहानपणीचा, कॅसेट घालून खेळायचा गेम होता तो. त्यातला तलवारवाला वीर एकामागून एक गुहांमध्ये शिरायचा आणि प्रत्येक गुहेत राक्षसांपेक्षा कोडीच जास्त! आत्ता तो पाण्याच्या गुहेत सापडला होता. पाणी गळ्याशी आलं. वल्लरीची धाकटी बहीण क्षिप्रा श्वास रोखून बघत होती. आणि एकदम टीव्ही बंद झाला!

वल्लरीचे आजोबा, बापू, प्लग हातात घेऊन उभे होते. "त्या सत्यवतीचा नातू माझ्या घरात? नीघ आधी!"

"पण आजोबा, तो आमचा मित्र आहे!" वल्लरी म्हणाली.

"मित्र? त्याच्या आजीने बोअर मारली आणि माझी विहीर खारट झाली!"

कुंपणापलीकडून सत्यवतीआजींचा आवाज आला, "माझ्या बोअरचं नाव घेऊ नका! तुमच्या पंपानेच खारं पाणी ओढलंय. माझी विहीर काय गोड राहिलीय?"

दिवेआगरच्या या दोन वाड्या शेजारी-शेजारी होत्या. वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी दोघांनीही नवी रोपं लावली होती. ती यंदा पहिल्यांदाच फळली होती, आणि आता त्यांचीच पानं टोकाकडून करपत चालली होती! सुट्टीला पनवेलहून आलेल्या वल्लरी आणि क्षिप्राला रोज ही भांडणंच ऐकावी लागत होती.

श्रेयस तोंड पाडून बाहेर पडला. दोघी त्याच्यामागे गुपचूप वाडीच्या मागच्या बाजूला गेल्या.

"दोन्ही विहिरी खारट आहेत," क्षिप्रा म्हणाली. "मग पाणी तिसरीकडून येत असेल तर?"

"तर गेममध्ये करतो तेच करायचं!" श्रेयसचे डोळे चमकले. "पाण्याच्या उलट चालत जायचं!"

वाड्यांमागच्या चरात वल्लरीने बोट बुडवून जिभेला लावलं. "थू! मीठच नुसतं!"

चराच्या काठाने ते खाडीच्या बांधाशी पोचले. बांधात उघाडी होती, म्हणजे लाकडी झडपेचं दार. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जायचं आणि भरती आली की खाडीच्या रेट्याने दार आपोआप मिटायचं. पण आज त्यात जाड फळी अडकवलेली होती! भरतीचं पाणी धो धो आत घुसत होतं. थोडं चरात वळत होतं, आणि बाकीचं, गावात पर्यटकांना उतरवणाऱ्या सदाकाकाच्या नव्या तळ्यात. तिथे पाहुण्यांसाठी पायडलच्या होड्या डुलत होत्या.

"ए! फळीला हात लावलात तर कुत्रा सोडीन!" सदाकाका धावत आला. कुत्र्याने दात विचकले.

"काका, तुमच्या तळ्यापायी सगळ्या पोफळी मरतायत!" वल्लरी म्हणाली.

"जा, सांगा तुमच्या म्हाताऱ्यांना! ते एकमेकांचं ऐकत नाहीत, तुमचं काय ऐकणार?" तो खदाखदा हसला.

तिघं मागे सरली. वल्लरी दात-ओठ खात कुजबुजली, "ऐकणार नाहीत, पण भांडायला नक्की धावतील! क्षिप्रा, तू इथूनच फळीवर नजर ठेव."

वल्लरी बापूंकडे पळाली, श्रेयस आजीकडे. दोघांनी एवढंच सांगितलं, "बांधावरून कुणीतरी आपल्या विहिरीत खारं पाणी सोडतंय!"

"सत्यवतीच!" बापूंनी काठी उचलली.

"बापूच तो!" आजींनी खराटा उचलला.

बांधावर दोघं समोरासमोर आले आणि एकमेकांवर तुटून पडले. तेवढ्यात क्षिप्रा किंचाळली, "भांडता काय? इकडे बघा! काका फळी लपवतायत!"

सदाकाका फळी उपटायला बघत होता, पण पाण्याच्या रेट्यापुढे ती हलत नव्हती.

"मी... मी कचरा काढत होतो," तो चाचरला.

"खोटं! फळी तुमच्याच होडीच्या दोरीने बांधलीय!" क्षिप्रा म्हणाली.

बापूंनी काठी सदाकाकावर रोखली. "सदा! माझ्या पोफळी मारल्यास? कुत्रा बांध आधी!"

सदाकाकाने मुकाट्याने कुत्रा बांधला. बापू आणि आजी दोघंही दोरीला झोंबले. फळी जागची हलेना!

"ओढू नका!" श्रेयस वाकून बघत होता. "ती आडवी रुतलीय. उभी फिरवा, म्हणजे निसटेल!"

सगळ्यांनी फळीचं टोक वर रेटलं. करकर आवाज झाला, फळी निसटली आणि धाड्कन उघाडी मिटली! आत येणारं पाणी थांबलं.

उघाडीला ग्रामपंचायतीचं कुलूप लागेल आणि खाडीचं पाणी तळ्यात नेणारा चर सदाकाकाच बुजवेल, असं बापूंनी तिथेच ठणकावलं. मग ते मुलांकडे वळले. "शाब्बास! एका पावसात मीठ धुऊन जाईल. पोफळी वाचल्या! डोकं आहे माझ्या नातींना!"

"नातींना?" सत्यवतीआजी कडाडल्या. "फळी फिरवायला कुणी सांगितलं? माझ्या श्रेयसने!"

"आणि होडीची दोरी कुणी ओळखली? माझ्या क्षिप्राने!"

तिन्ही मुलं पोट धरून हसत सुटली. दोघं म्हातारे भांडतच घराकडे निघाले. शेवाळलेल्या उतारावर बापू थबकले आणि त्यांनी आपली काठी आजींपुढे धरली.

"धरा ही. पडाल, आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडाल!"