चौदावा ठिपका

मोबाइल पालथे ठेवा. तो दिवाही बारीक करा, डोळ्यांत जातोय. आणि मधे बोलायचं नाही. हे कुठल्या पुस्तकातलं नाही. मला धड वाचता येतंय कुठे? माझ्या ओळखीतल्या एका फिटरच्या बाबतीत घडलेलं आहे. विश्वास ठेवा नाहीतर घरी जा.

नोव्हेंबरची सतरा तारीख होती. फिटर संध्याकाळी सासूबाईंकडे गेला तो गळका नळ दुरुस्त करायला. जावई फिटर असला की घरातले सगळे नळ त्याच्या नशिबी येतात. धाकटा जावई लेथवर काम करणारा. त्याला कोणी नळासाठी बोलवत नाही, चहाला बोलवतात. वायसर बदलताना हेच फिटरच्या डोक्यात घोळत होतं.

सासरा जुन्या इंजिनांचा मिस्त्री. जाऊन वर्ष झालं होतं. दोन्ही जावई त्याच्याच हाताखाली शिकले, मग त्याने त्यांना मुली दिल्या. म्हाताऱ्याची एक खोड होती. कुठलातरी जुना बेवारशी पार्ट टेबलावर टाकायचा आणि विचारायचा, "बोल, कुठला आहे, काय काम करतो?" बरोबर सांगितलं की सांगणाऱ्याच्या हातोडीच्या माथ्यावर पंचाने, त्या टोकदार हत्याराने, एक ठिपका ठोकायचा. शाबासकी नाही, काही नाही. फक्त ठिपका.

फिटरच्या हातोडीवर बावीस वर्षांत दोन ठिपके. धाकट्याच्या हातोडीवर आठ वर्षांत तेरा.

तेरा! झोपेतून उठवलं तरी फिटरने हा आकडा सांगितला असता. धाकटा असा कोण लागून गेला होता, मला तरी आजवर कळलेलं नाही. बोलायचा हळू, चालायचा हळू, जेवायला बसला की बाकीच्यांचे हात वाळायचे. म्हातारा त्याला लाडाने 'गोगल' म्हणायचा, गोगलगायीवरून. फिटरला म्हणायचा 'तोफ'. तोफेला कोणी लाडाने तोफ म्हणत नाही. मग फिटर घरी जेवताना धाकट्याची नक्कल करायचा, "हं... कळलं... मामा..." पोरांना हसून हसून ठसका लागायचा. बायको म्हणायची, "हुबेहूब जमतं हो तुम्हाला. पण इतकं जळू नये माणसाने."

तर नळ झाला. सासूबाईंनी कपाटातून एक तेलकट फडकं काढलं. आत मुठीएवढा लोखंडी डबा होता.

"हे त्यांच्या उशाखाली होतं," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी मला म्हणाले, वर्षभर थांब आणि मग ज्याला हे ओळखता येईल त्याला वर्कशॉपची किल्ली दे. आधी तुम्हाला देते. उद्या सकाळी आठपर्यंत सांगा, नाहीतर धाकट्यांकडे जाईल."

"आधी मला, ते हुशार म्हणून की थोरला म्हणून?"

"नळ अजून गळतोय बघा," सासूबाई म्हणाल्या.

घरी येऊन फिटर पुढच्या खोलीत डबा घेऊन बसला. एका बाजूला दोन दात. मधे भोक. आत घड्याळात असते तशी गुंडाळलेली स्प्रिंग आणि तिच्याजवळ एक लोंबती खिटी. कुठे नाव नाही, नंबर नाही. त्याने डबा पुसला, हुंगला, बोटावर घालून फर्रकन फिरवला. काही नाही. आणखी जोरात फिरवला. काही नाही. मोबाइलवर फोटो काढून शोधलं तर मोबाइल म्हणाला, केकचा साचा.

बायको पाणी घेऊन आली. "लग्नानंतर मलाही इतका वेळ बघत बसला नव्हतात."

"तू झोप गं."

"नाही ओळखलं तर नाही ओळखलं. धाकट्यांना मिळू दे किल्ली. तेही आपलेच आहेत ना?"

 'आपलेच' हा शब्द त्याला खड्यासारखा लागला. बावीस वर्षं त्या वर्कशॉपमध्ये झाडू मारला कोणी? म्हाताऱ्याचा तो लोखंड पकडायचा मोठा शेगडा, ती उंच खुर्ची, तिथे उद्यापासून गोगलगाय बसणार? बसून हळूहळू चहा पिणार? एकदा तर त्याच्या मनात आलं, पक्कडीने स्प्रिंगच तोडून टाकावी. मला नाही तर त्यालाही नाही. पक्कड हातात घेतलीही होती. मग ठेवली.

पावणेदोनला त्याने डबा खिडकीजवळच्या फळीवर उभा ठेवला, दिवा घालवला आणि तिथेच सतरंजीवर आडवा झाला.

बाहेर रस्ता सुना. कुत्रंही नाही.

टक.

पाल असेल, त्याला वाटलं.

टक.

तो कुशीवर वळला. आवाज फळीकडून येत होता. सारख्या अंतराने. मधे बराच वेळ जायचा... आणि मग... टक.

कोणीतरी डबा फिरवत होतं.

हळू. फार हळू.

फिटरच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण माणसाचं डोकं बघा. त्याच भीतीत त्याला उलगडलं. आपण रात्रभर फिरवला तो जोरात! जोरात फिरवलं की खिटी बाहेर फेकली जाते, अडकतच नाही. हळू फिरवलं तर ती आपल्या वजनाने खाली पडते, अडकते, स्प्रिंग ताणते आणि सुटते. टक! जुनं इंजिन हँडल मारून चालू करायचे तेव्हा ठिणगी पाडायला मॅग्नेटो असायचा. त्या मॅग्नेटोचा हा खटका!

ओरडावंसं वाटलं त्याला. तेवढ्यात वास आला. रॉकेलचा आणि त्यावर साबणाचा. म्हातारा हात असेच धुवायचा. आधी रॉकेल, मग साबण.

टक... थांबलं.

"गोगल..."

आवाज म्हाताऱ्याचाच.

"गोगल... कळलं का?"

आता ऐका. दुसरा कोणी असता तर बेशुद्ध पडला असता. फिटरला भीती होतीच. पण भीतीच्या वर काहीतरी उसळून आलं. मेल्यावरसुद्धा? माझ्या घरात, माझ्या उशाशी उभं राहून, नाव त्याचं?

त्याने ओठ ओले केले. आणि अंधारात, अगदी धाकट्याच्या आवाजात, म्हणाला,

"हं... कळलं... मामा..."

शांतता.

"सांग."

"मॅग्नेटोचा... खटका."

वास जवळ आला. आणखी जवळ. कपाळावर गार वारा लागल्यासारखं झालं... कोणीतरी वाकून बघत होतं.

त्याने डोळे मिटून घेतले.

मग... ठण्ण.

एकच घाव. पंचावर हातोडी बसल्याचा. पण खोलीत नाही. लांब कुठेतरी. गावाच्या दुसऱ्या टोकाला.

वास गेला.

उजाडेपर्यंत तो हलला नाही. उजाडल्यावर पहिल्यांदा स्वतःची हातोडी काढली. दोन ठिपके. दोनच. 'स्वप्न असेल,' तो म्हणाला आणि डबा घेऊन निघाला.

सासूबाईंनी उत्तर ऐकलं. देवघरातल्या डबीतून म्हाताऱ्याने उत्तर लिहून ठेवलेली चिठ्ठी काढली, उलगडली, वाचली. आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. त्याने मूठ मिटली तेवढ्यात धाकटा दारात आला. हातात रुमालात गुंडाळलेली हातोडी.

"दादा," त्याने नेहमीसारखं हळूच विचारलं, "तुम्ही काल रात्री माझ्याकडे आला होतात का?"

"मी कशाला येऊ?"

"नाही... दोनच्या सुमारास हत्यारांच्या पेटीत ठण्ण झालं. पेटीला कुलूप होतं. मला वाटलं उंदीर. उघडून बघतो तर..."

त्याने रुमाल सोडला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि बोट टेकवत मोजले. अकरा. बारा. तेरा. ते सगळे जुने, काळे पडलेले. बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

चौदा.

चकचकीत. कडेला उचललेली कोर अजून बोटाला टोचत होती.

"हा कोणी मारला?" सासूबाईंनी विचारलं. धाकट्याकडे बघून नाही. फिटरकडे बघून.

फिटरने किल्लीची मूठ पाठीमागे नेली.

"असू दे," धाकटा म्हणाला. "दादांनी ओळखलं ना? मग किल्ली दादांचीच."

आणि फिटरने किल्ली ठेवली. हो, ठेवली. परत नाही केली. आजही तोच त्या उंच खुर्चीवर बसतो. पण धाकटा हातोडी घेऊन आला की याची नजर आधी माथ्यावर जाते. एकदा तर वर्कशॉप बंद करून, दार लावून, त्याने स्वतःच्या हातोडीवर म्हाताऱ्याच्याच पंचाने एक ठिपका मारून पाहिला. आठवड्यात काळा पडला. लोखंडाचं तसंच असतं, दमट हवा लागली की गंज धरतंच.

धाकट्याच्या हातोडीचे तेरा काळेच आहेत. मी स्वतः मोजलेत.

चौदावा अजून चकचकीत आहे.