सिद्धता होईपर्यंत

आर्णीच्या बसस्टँडवर वारा सुटला आणि मितालीच्या हातातले कागद उडाले. रस्त्याकडेला कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. एक कागद थेट गाडीतल्या कापसावर जाऊन बसला. खरेदी केंद्रावर प्रतवारी करणारा सलील तो घेऊन आला. केसांत कापसाचे पुंजके, डोळ्यांत हसू...

"हे कोण्या देवाचे मंत्र हायेत?"

"गणित आहे. डी-मॉड्यूल." मिताली हैदराबादला संशोधन करायची, दिवाळीला घरी आली होती.

"मले समजंल असं सांगा ना."

तिला गंमत वाटली. "काही समीकरणं सुटता सुटत नाहीत. मग त्यांच्यावरून एक रचना उभी करायची – ती डी-मॉड्यूल. तिला एक जोडीदार असतो, त्याला द्वैत म्हणतात. हिच्याकडून जे कळत नाही, ते त्याला विचारायचं."

"म्हंजे पोरगी बोलत नसंल तर तिच्या मैत्रिणीले इचारायचं!"

"तसंच... पण मैत्रीण खरं सांगते की नाही, ते आधी सिद्ध करावं लागतं. तेच माझं काम."

त्या सुट्टीत चहाची टपरी रोजचीच झाली. तो कापसाचा धागा चिमटीत ताणून दाखवायचा. ती धागा सोडून त्याची बोटंच बघत राहायची. भाव पडले होते, केंद्र बंद होणार अशी कुजबुज होती, तरी तो हसवायचा. तिच्या निघायच्या दिवशी मात्र एकदम गंभीर झाला.

"मिताली... लग्न करशील माह्याशी?"

'हो' ओठांवर आलंच होतं. पण ती म्हणाली, "सिद्धता होऊ दे. मग सांगते."

"थांबतो," तो म्हणाला.

रविवारी वसतिगृहावर त्याचा फोन यायचा. "झालं का?" – "एकाच जागी अडलंय रे." पुढं पुढं ती घाईत बोलू लागली. "आत्ता नको, सापडत आलंय..." केंद्र बंद पडलं, नोकरी गेली, हेही त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं आणि पुन्हा फळ्याकडे वळली. मग फोन यायचे थांबले.

सिद्धता झाली तेव्हा पुढचा हंगामही सरत आला होता. सलील ढाणकीला बियाण्याच्या दुकानात लागलाय असं कळलं, तशी ती थेट तिथंच गेली.

"झाली?" तिला बघताच तो बाहेर धावला.

"झाली."

"वा! पेढे पाहिजेत मंग!" तो मनापासून खूश झाला. मग त्यानं मान खाली घातली. "माही सोयरीक झाली, मिताली. मागच्या महिन्यात."

"उत्तर... हो होतं, सलील. त्या दिवशीच हो होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"आधी काम पक्कं करावं... मग निवांत सांगावं, असं वाटलं."

तो रस्त्याकडे बघत राहिला. "मले कोठं सिद्धता पाहिजे होती," तो हळूच म्हणाला. "नुसतं हो म्हटलं असतं, तरी थांबलो असतो."

गिऱ्हाईक आलं. तो आत गेला. भुईमुगाचं बी दाखवताना त्याचा आवाज नेहमीसारखाच हसरा होता. मितालीला तेच ऐकवेना. ती वळली आणि भराभर चालू लागली.