लिअँडरची अर्धी धून

दुपारचा चहा झाला, कप विसळून पालथा घातला आणि सेलिना बादली घेऊन बेऱ्या खुडायला निघाली. निमित्त एवढंच. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ग्रे कोव्हमध्ये थंडीच्या तोंडावर कुठलीही बाई हेच करते. पहिलं दहिवर गोठलं की माळावरच्या लाल बेऱ्यांना खरी चव चढते, आणि वर्षभराच्या मुरंब्याची बेगमी त्याच दिवसांत करून ठेवावी लागते. सेलिना लग्न होऊन आली तेव्हापासून दरसाल जात होती. कुठला दगड कुठे, कुठली पाणथळ चुकवायची, तिला सगळं पाठ होतं.

कुंपणापाशी डॉर्कस मावशी उभी होती. ती मावशी कुणाचीच नाही, म्हणजे सगळ्या गावाचीच. तिनं नेहमीचंच विचारलं. माळावर निघालेल्या प्रत्येकाला ती तेच विचारते, अगदी पाद्रीबाबांनासुद्धा सोडत नाही.

"खिशात पाव घेतलास का गं?"

सेलिनानं कोटाचा उजवा खिसा थोपटून दाखवला. खिसा फुगलेला होता. मावशीनं मान डोलावली आणि ती घरात गेली.

खिशात पाव नव्हता. होतं ते गाणी वाजवायचं यंत्र.

आता तुम्ही हसाल. हसा बापडे. पण माळावर पाव न घेता जायचं नाही, हे आमच्याकडे दूध पिणारं पोरही जाणतं. तिथे ती मंडळी असतात. त्यांचं नाव घेत नाहीत, नुसतं 'ती मंडळी' म्हणतात. एकट्या माणसाला ती वाट चुकवतात, ओळखीच्या माळावर गोल गोल फिरवतात. खिशात घरचा पाव असला तर वाटेला जात नाहीत. पाव विसरलाच तर एकच उपाय, कोट काढून उलटा घालायचा. सेलिनाही हे सगळं पाळायची. पण गेल्या वर्षी पावाचा चुरा त्या यंत्रात शिरला. बटण अडकलं, तार लावायच्या भोकात कण बसले आणि दोन दिवस ते मुकं झालं. ते दोन दिवस सेलिना जेवली नाही. तेव्हापासून त्या खिशात पाव गेला नाही, आणि कोटाला दुसरा धड खिसा नव्हता.

यंत्र काडेपेटीएवढं. मुलगा कॉल्विन अल्बर्टात तेलाच्या कामावर असतो, त्यानं एका नाताळात आणलं होतं. आईच्या आवडीची गाणी त्यानं आत भरून दिली होती. सेलिना म्हणाली होती, कानात बोंडं घालून फिरायला मी काय शाळेतली पोर आहे, कोंबड्यांना ऐकव हवं तर. पण त्याच सुट्टीत कॉल्विननं आणखी एक गोष्ट केली. चुलीजवळच्या दिवाणावर बसून त्याचा बाप लिअँडर अकॉर्डियन वाजवत होता, तेव्हा या पोरानं यंत्राचं ध्वनिमुद्रणाचं बटण दाबून ते हळूच शेजारी ठेवून दिलं.

धून लिअँडरच्या आजोबांची, ईलायची. ईलाय लहानपणी माळावर हरवला होता. सापडला तेव्हा ही धून गुणगुणत होता. पुढे त्यानं ती गावच्या प्रत्येक लग्नात वाजवली, पण अर्धीच. अर्ध्यावर येऊन थांबायचा. पुढचं विचारलं की म्हणायचा, ते आपलं नाही, त्यांचं आहे. लिअँडरला त्यामुळे अर्धीच मिळाली. यंत्रातही ती अर्धीच आहे. धून थांबते, दिवाण करकरतो आणि लिअँडर म्हणतो, "पुढचं मला येत नाही बाबा. सेलिना, चहा टाक."

सेलिना तेव्हा बाहेर लाकडं आणायला गेली होती. म्हणून त्या हाकेला उत्तर नाही. हाक येते आणि पुढे सगळं शांत.

वसंत यायच्या आत लिअँडर गेला. छातीच्या दुखण्यानं गेला. त्याचा आवाज म्हणून जगात उरलं ते एवढंच. कॉल्विन दर फोनला सांगायचा, आई, पोस्टानं पाठव, मी त्याची नक्कल करून घेतो, यंत्राचा काय भरवसा. सेलिना पाठवायची नाही. वाटेत गहाळ झालं तर? ती ते उशाशी घेऊन निजायची. त्यातली वीज आता पूर्वीसारखी टिकत नव्हती, आणि पडदा काळा पडला की ती तार लावायला धावायची. एक दिवस हे उघडणारच नाही, हे तिला कळत होतं.

माळावर पिवळं ऊन होतं. बेऱ्या यंदा मायंदाळ होत्या. सेलिना गुडघे टेकून खुडत राहिली, कानात कॉल्विननं भरलेली गाणी चालू होती. बादली काठाला आली तेव्हा तिनं मान वर केली. समुद्राकडून धुकं आलं होतं. आलं होतं म्हणजे पार तिच्यापाशी येऊन उभं होतं. गावातल्या चर्चचा कळस नाही, मावशीचं धुराडं नाही, हातातल्या बादलीची कडीही अंधूक.

ती घाबरली नाही. धुकं काय, रोजचंच. ती सपाट दगडावर बसली, बादली पायाशी ठेवली आणि धुकं जाईपर्यंत लिअँडर लावून घेतला.

धून सुरू झाली. नेहमीसारखाच त्याचा डावा पाय ठेका धरत होता. त्या बुटाची टाच सैल होती, ठेक्याबरोबर ती वेगळीच टपटपायची. सेलिनानं डोळे मिटले. धून चढली, वळली, त्या जागी आली. आता दिवाण करकरणार.

करकरला नाही.

धून पुढे गेली.

लिअँडरच्या बोटांना जी वाट कधी ठाऊक नव्हती त्या वाटेनं ती बोटं चालली होती, न चुकता, न अडखळता. इतकी वर्षं ऐकलेली अर्धी धून म्हणजे नुसता उंबरठा होता, घर आत होतं. ते ऐकून तिला रडू फुटलं, आणि आपण का रडतोय हे तिला सांगता आलं नसतं. भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं, चर्चमध्ये उभं राहावं तसं उभं राहावं.

ती उभी राहिली. कानातली बोंडं ओढून काढली. धून थांबली नाही. ती धुक्यातून येत होती, खालून, गवताच्या मुळांतून, चहूकडून. तिनं यंत्र डोळ्यांजवळ नेलं. पडदा काळा होता. वीज केव्हाच संपली होती.

मग वास आला. रॉकेलच्या दिव्याचा, ओल्या लोकरीचा, चुलीवर आटणाऱ्या काकवीचा. धुक्याच्या आत कुठेतरी उजेड होता आणि उजेडासमोरून पावलं जात होती. पुष्कळ पावलं, हलकी, नाचणारी. चेहरे दिसत नव्हते. आणि त्या सगळ्या पावलांच्या खाली, एका जागी, सैल टाच टपटपत होती.

"सेलिना," लिअँडर म्हणाला. "चहा टाक."

इतक्या दिवसांची हाक. सेलिनाच्या ओठांवर उत्तर तयारच होतं.

"अजून एकदा वाजव... मग टाकते."

तो हसला असावा. धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ती संपली की सेलिना पुन्हा तेच म्हणे आणि तो पुन्हा वाजवी. किती वेळा, तिलाही ठाऊक नाही. दर खेपेला उजेड थोडा जवळ आलेला असायचा. की तीच पुढे सरकत होती? पायांना गार लागत होतं. तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

मग धून चालू असतानाच तो बोलला. आवाज हलका होता. घरात पाहुणे बसलेले असताना स्वयंपाकघरात येऊन तो बोलायचा, तसा.

"तुझा पाव कुठंय?"

"...नाही आणला."

"नाही आणला." तो रागावला की समोरच्याचेच शब्द परत म्हणायचा. "कोट उलटा कर, सेलिना."

"मग तू..."

"मी वाजवतोय तोवर त्यांचं इकडे लक्ष नाही. आत्ता कर."

तिला नको होतं. खरंच सांगायचं तर तिला अजिबात नको होतं. घरी काय होतं? चूल, कोंबड्या आणि एक मरू घातलेलं यंत्र. इथे तो होता आणि पूर्ण धून होती. पण लग्नानंतर तिनं त्याचं एवढंच एक कधी मोडलं नव्हतं; तो 'आत्ता' म्हणाला की ती करायची. मासेमारीच्या बोटीवर दोघंच असताना तशी सवय लागते, तिथे 'का' विचारायला वेळ नसतो. तिचे हात आपसूक गुंड्यांकडे गेले. कोट काढला, बाह्या ओढून उलट्या केल्या, दातओठ खात अंगात चढवला. खिसा उलटा झाला आणि यंत्र तिच्या मुठीत आलं.

धून तुटली. सगळं तुटलं, उजेडसुद्धा.

सेलिना गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी होती. समोर, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, काळं खोल तळं होतं, जिथे गावातलं कुणी गुरंही पाण्यावर नेत नाही. धुकं गेलं होतं. आकाश उजाडत होतं, आणि खालून गावातली माणसं तिच्या नावानं हाका मारत वर येत होती. दुपार गेली होती, अख्खी रात्र गेली होती. बादली कुठेच नव्हती.

डॉर्कस मावशीनं तिचे पाय चुलीपाशी घेऊन चोळले आणि तोंडाचा पट्टा सोडला. फुगलेला खिसा दाखवून म्हातारीला फसवतेस, शेणानं भरलंय का डोकं, ईलायचं काय झालं होतं ते ठाऊक नव्हतं का तुला. सेलिना ऐकून घेत होती. तिचं लक्ष यंत्राकडे होतं. तार लावली होती. पडदा उजळला तेव्हा तिनं आधी देवाचे आभार मानले, मग एक बोंड आपल्या कानात घातलं आणि एक मावशीच्या.

धून अर्ध्यावर थांबली. नेहमीसारखीच. दिवाण करकरला. पुढचं मला येत नाही बाबा. सेलिना, चहा टाक.

आणि मग, जिथे आजवर काही नव्हतं तिथे, एक बाई म्हणाली, "अजून एकदा वाजव... मग टाकते."

मावशीनं बोंड काढून मांडीवर ठेवलं.

"ही तू आहेस."

"मी तेव्हा लाकडं आणायला गेले होते, मावशी."

मावशीनं उठून पाव कापायला घेतला.

नाताळात कॉल्विन आला. त्यानं पहिलं काम हेच केलं, यंत्र संगणकाला जोडून नक्कल काढली. नक्कल झाली, बापाचा आवाज वाचला, आईच्या मनावरचं ओझं उतरलं. नकलेत अर्धी धून होती आणि चहाची हाक होती. त्यापुढे काही नव्हतं. मग त्यानं यंत्रच कानाला लावलं, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. ते संपेचना. धून पूर्ण व्हायची, बाई तेच म्हणायची, धून परत सुरू व्हायची.

"आई," तो म्हणाला, "ही अजून तिथंच आहे."

सेलिनानं मान डोलावली. तिला हे कळून चुकलं होतं. दर आठवड्याला ते थोडं लांबत होतं. आपण घरी आलो, उलट्या कोटात आलो. आणि कोट सुलटाच राहिलेली कुणी एक तिथे त्या दगडावर बसलेली आहे, लिअँडरसमोर. तिला आधी त्या बाईचा हेवा वाटला. चांगला कडकडून वाटला. मग तिच्या मनात आलं, बिचारीजवळ पाव नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पहाटे कणीक तिंबली. दुपारी कापडात बांधलेला ऊन ऊन पाव, वर काकवी लावून, घेऊन ती माळावर गेली. एक तुकडा स्वतःच्या खिशात होता. यंत्र घरी ठेवलं होतं. माळ बर्फानं झाकला होता, कुठे पाऊल नाही की पाखरू नाही. तिनं सपाट दगडावरचं बर्फ हातानं झाडलं, पाव ठेवला. मग ती म्हणाली, "खाऊन घे गं," आणि मागे न बघता खाली आली.

सकाळी कॉल्विनला घेऊन ती पुन्हा वर गेली. तिची कालची पावलं बर्फात तशीच होती, जाताना आणि येतानाची. दुसरं एकही पाऊल नव्हतं. दगडावर कापड नीट घडी करून ठेवलं होतं, आणि शेजारी तिची बादली होती, लाल बेऱ्यांनी काठोकाठ भरलेली.

कॉल्विननं एक बेरी उचलली. ती उन्हानं कोमट होती.